पेठेतल्या मराठी शाळेत पहिलं वर्ष : बेळगावात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

माझ्या पहिल्या शाळेत पहिल्या दिवशी हजेरीपटावर ३४ नावं होती आणि समोर १९ मुलं. जूनचा पाऊस कोसळत होता, म्हणून असेल असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी उघडीप होती. २१ आली, पण त्यातली चार काल नव्हती आणि कालची दोन आज नव्हती. डी.एड.ला पाठ घेताना आमच्याकडे रंगीत तक्ते असायचे, मिनिटांचा हिशोब लावलेलं टाचण असायचं आणि मुलं रोज तीच असायची. इथं तक्ता अडकवायला खिळा होता, पण भिंतीला ओल इतकी की दुपारपर्यंत तक्ता पोक काढून खाली आला.

हा लेख शहापूर, वडगाव, खासबाग किंवा बाजारपेठेलगतच्या दाट गल्ल्यांतल्या मराठी शाळेत यंदा रुजू होणाऱ्यांसाठी आहे. कायम असा किंवा अतिथी शिक्षक म्हणून असा, वर्गात फरक पडत नाही. निपाणीकडं असाल तर इथल्या विणकरांच्या मागाच्या जागी विडीची पानं धरा, बाकी बरंचसं तसंच. माझं म्हणणं थोडक्यात असं : पहिल्या तीन महिन्यांत पाठ्यपुस्तक मागं पडलं तर भरून काढता येतं. मुलाची माहिती मागं पडली तर वर्षभर आपण चुकीच्या मुलाला शिकवत राहतो.

रुजू होण्याआधी

शाळेच्या भोवतालच्या गल्ल्यांतून दोन फेऱ्या मारा, एक सकाळी आठला आणि एक संध्याकाळी सातला. सकाळी दिसेल की नळाला पाणी आलं की घागरी कोण भरतं, धाकट्याला कडेवर घेऊन कोण उभं असतं. संध्याकाळी कळेल की कुठल्या घरातून मागाचा खडखडाट येतो, उद्यमबागेतल्या कारखान्यांतून माणसं किती वाजता परततात, कुठल्या कोपऱ्यावर पोरं मोबाईलवर वाकलेली असतात. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं ह्याच दोन फेऱ्यांत दिसतात, फक्त नावं नंतर कळतात.

मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा वेळापत्रकाआधी चार गोष्टी विचारा. वर्ग एकत्र बसतात का? एकाच आवारात कन्नड किंवा उर्दू शाळा भरते का, आणि मैदान कुणाच्या वाट्याला कधी? वर्गाचं छत गळतं का, गळत असेल तर कुठल्या कोपऱ्यात? आणि गेल्या वर्षी हा वर्ग कोणाकडं होता, ते आता कुठं आहेत?

पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. इंग्रजी माध्यमाकडं ओढा वाढल्यापासून पेठेतल्या बऱ्याच मराठी शाळांचा पट घसरलाय. म्हणजे तुमच्या हाती दोन किंवा तीन इयत्ता एकदम येणार हे धरूनच चला. पहिली ते तिसरी एकत्र बसवून गटांत शिकवायची नलि-कली पद्धत कर्नाटकात आहेच. ती चालू असेल तर आधीच्या बाईंकडून कार्डांचा क्रम समजून घ्या, पेटी उघडून स्वतःच अंदाज बांधत बसू नका.

अतिथी शिक्षक असाल तर आणखी एक सांगते, कडू वाटेल. मानधन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येईल असं धरून घरभाडं ठरवू नका. माझे पहिले पैसे आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

पहिला आठवडा : एक वेगळी वही

दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला समोरासमोरची दोन पानं द्या. ही वही ऑफिसला दाखवायची नाही, टेबलावर उघडी टाकायची नाही. पहिल्या आठवड्यात रोज सहा-सात मुलांशी मधल्या सुट्टीत, ओट्यावर बसून, सहज बोला. चौकशी वाटता कामा नये. मी पाच गोष्टी लिहिते. घरी काय नावानं हाक मारतात. आईला काय म्हणतो. सकाळी काय खाल्लं. घरातलं सगळ्यात आधी कोण कामाला जातं. रात्री किती वाजता झोपला.

'आईला काय म्हणतो' हा प्रश्न साधा दिसतो, पण घरची भाषा त्यातच निघते. 'आई' म्हणणारं मराठी घर, 'अव्वा' म्हणणारं कन्नड, 'अम्मी' म्हणणारं उर्दू. थेट विचारलं, की तुझी मातृभाषा कोणती, तर मराठी शाळेत आलेलं पोर शिक्षकाला बरं वाटावं म्हणून मराठीच सांगतं.

सकाळी काय खाल्लं ह्याचं उत्तर 'च्या' असं आलं की पानाच्या कोपऱ्यात खूण करा. त्या मुलाला दहाच्या तासाला भागाकार विचारू नका. शाळेत दूध मिळतं (क्षीरभाग्य योजना २०१३ पासून, १५० मिलीलिटर), ते पोटात गेल्यावर बघा.

नावांचा आणखी एक उपद्व्याप ह्याच आठवड्यात उरकून घ्या. प्रवेश अर्ज, आधार आणि सॅट्सच्या (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन यादी) नोंदीतलं नाव जुळतं का ते पाहा. मराठी नाव आधी इंग्रजीत जातं, मग कन्नडमध्ये, आणि परत येताना ज्ञानेश्वरचा 'ड्न्यानेश्वर' होऊन येतो. दहावीच्या हॉल तिकिटावर ते निस्तरण्यापेक्षा तिसरीत निस्तरलेलं बरं.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

इथं जरा थांबते, कारण नवे शिक्षक सगळ्यात जास्त इथंच अडखळतात, आणि दोष मुलाच्या डोक्याला देतात.

माझ्या वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती. पंचवीस म्हटलं की ५२ लिहायची. छत्तीसला ६३. मी तिला पन्नास वेळा लिहायला लावलं. पन्नास वेळा ५२ आलं, सुंदर अक्षरात. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीबरोबर चिंचोके मोजताना ऐकलं : इप्पत्तमूरु, इप्पत्तनाल्कु, इप्पत्तैदु. कन्नडमध्ये आधी वीस येतात, मग पाच. ऐकाल त्या क्रमानं लिहिलं की २५ बरोबर येतं. मराठीत 'पंच' आधी आणि 'वीस' मागून. ती बिचारी जे ऐकत होती तेच इमानानं लिहीत होती. एकोणतीस तर आणखी अवघड, कारण त्यात नऊ कुठं ऐकूच येत नाहीत. 'तीसला एक कमी' असं म्हणून आपण मोकळे होतो. कन्नडमध्ये तेच सरळ इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ.

उपाय दोन आठवड्यांचा आहे. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबरानं बांधा. मुलाच्या हातात दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या द्या. आधी त्याला त्याच्या भाषेत म्हणू द्या, इप्पत्तैदु. मग लिहू द्या. लिहून झाल्यावरच तुम्ही म्हणा, 'ह्याला मराठीत पंचवीस म्हणायचं.' क्रम हाच : वस्तू, घरचा शब्द, आकडा, शेवटी मराठी शब्द. आपण शाळेत नेमका उलटा क्रम लावतो. ती मुलगी नवव्या दिवशी न चुकता लिहायला लागली. ४९, ५९ आणि ६९ वर मात्र ती दिवाळीपर्यंत अडली, आणि खरं सांगायचं तर मराठी घरची मुलंही तिथं अडतातच.

शुद्धलेखनातही घरची भाषा बोलते. कन्नड घरातलं मूल 'घागर' ऐकून 'गागर' लिहितं, 'भाकरी'ची 'बाकरी' करतं, कारण आपल्याकडच्या रोजच्या कन्नड बोलीत महाप्राण, म्हणजे घ, भ यांतला ह-कार, फारसा उच्चारत नाहीत. उर्दू घरातल्या मुलाचं 'पाणी' हे 'पानी' होतं, 'बाळ'चं 'बाल' होतं. आणि लिंग! कन्नडमध्ये वही, पेन, पुस्तक सगळं एकाच वर्गात मोडतं. मग मराठीत वही 'ती', पेन 'तो' किंवा 'ते', पुस्तक 'ते' हे त्यानं कशावरून ओळखायचं? नियम नाहीच. पाठच करावं लागतं. म्हणून कोणतंही नवं नाम फळ्यावर एकटं लिहू नका. 'माझी वही', 'माझं दप्तर', 'माझा डबा' असं जोडीनं लिहा. तांबड्या पेनानं तीस गोल काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

मराठी घरच्या मुलांचंही सगळं आलबेल नसतं. आपली बेळगावी मराठी पुस्तकातल्या मराठीसारखी नाही. एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, 'मला शाळा आवडते खरं गणित आवडत नाही.' बाहेरगावाहून आलेल्या बाईंना वाक्याचा अर्थच लागेना. आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे त्यांना स्टाफरूममध्ये सांगावं लागलं. 'पेन्सिल हुडकालोय', 'काय करालास' हे वर्गात ऐकू आलं की नाक मुरडू नका. मी फळ्याचे दोन भाग करते. डावीकडं 'घरी', उजवीकडं 'पुस्तकात'. 'हुडकालोय' डावीकडं, 'शोधतोय' उजवीकडं. 'खरं' डावीकडं, 'पण' उजवीकडं. मुलांना हा खेळ वाटतो आणि स्वतःच शब्द आणतात. डावीकडचं पुसायचं नाही, एवढंच पाळा.

कन्नडच्या तासाला हीच उतरंड उलटी होते. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते, त्यामुळं हा तास तुमच्या वेळापत्रकात असणारच. मराठीत मागं पडणाऱ्या मुलाला त्या तासाला पुढं बोलवा, शब्द म्हणून दाखवायला लावा. सकाळभर मान खाली घालून बसलेला पोरगा दुपारी इतरांचे उच्चार सुधारतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच मराठीत हात वर करतो. हे मी किमान पाच-सहा मुलांच्या बाबतीत पाहिलंय.

कोण कुठं आहे ते मोजा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, वर्ग जरा स्थिरावला की, एकेका मुलाला बाजूला घेऊन पाच मिनिटं द्या. मुलांना वाचता-मोजता किती येतं हे तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत वापरतात तसली चढती पट्टी पुरेशी आहे : अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. वहीत प्रत्येकाच्या पानावर तारीख घालून नोंद करा.

निकाल पाहून घाबरू नका. पाचवीत गोष्ट वाचणारी सात, उतारा वाचणारी दहा, अक्षरांवर अडकलेली चार, असं चित्र निघालं तर ते नेहमीचंच आहे. गट करा, पण गटांना 'हुशार' आणि 'ढ' अशी नावं पडू देऊ नका. मी गल्लीतल्या दुकानांची नावं देत असे आणि दर महिन्याला बदलत असे. दिवसातला एक तास इयत्ता विसरून गटांप्रमाणे वाचन घ्या, तोही मधल्या सुट्टीआधी. दोन शिक्षक असाल तर मुलं वाटून घ्या. ह्या तासाला कुठलीही सभा, कुठलाही फोन, कुठलीही माहिती भरणं आलं तरी हलू नका. बाकी सगळ्या तासांवर गदा येते, हा एक वाचवता येतो.

गोंधळ, झोप आणि छडी

रस्त्याच्या कडेचा वर्ग असेल तर बसचे हॉर्न, लग्नाचा बँड, भाजीवाल्याची आरोळी ह्यांच्याशी आवाजात स्पर्धा करू नका. पंधरा दिवसांत घसा बसेल आणि मुलं आणखी ओरडायला लागतील. मुलांची पाठ रस्त्याकडं येईल असे बाक फिरवा. दारातून आत येताच करायचं एखादं काम फळ्यावर आधीच लिहून ठेवा, तीन बेरजा किंवा गळलेली अक्षरं भरा. उशिरा येणारी मुलं येत राहतात, आधी आलेली रिकामी बसत नाहीत. नियम तीनच ठेवा आणि मुलांकडूनच वदवून घ्या.

छडीबद्दल स्पष्टच लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद आहेत. 'बाई, मारा की दोन, आमचं काय म्हणणं न्हाई' असं आई-बाप स्वतः येऊन सांगतील, तरीही. मी पहिल्या वर्षी छडी घेतली नाही, पण त्याहून वाईट केलं.

पाचवीतला एक मुलगा रोज पहिल्या तासाला डुलक्या काढायचा. मी त्याला उभं केलं, पोरं हसली. दुसऱ्या दिवशी बाकावर उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील गल्लीत भेटले तेव्हा रस्त्यातच सांगितलं, तुमचा मुलगा वर्गात झोपतो. त्यानंतर नऊ दिवस तो शाळेत आला नाही.

दहाव्या दिवशी मी घरी गेले. वडगावातलं दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत दोन माग. माग चालू असले की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघून समजायचं. वीज गेली आणि एकदम शांतता पडली, तेव्हा आई बोलली. रात्री अकरापर्यंत पोरगा कांड्या भरतो, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळतो. बाप दिवसपाळीत बाहेर दुसऱ्याच्या मागावर असतो, रात्री स्वतःचा चालवतो. पोराच्या दंडावर वळ होता. तो कुणामुळं उठला होता हे मला विचारावं लागलं नाही.

पुढं आम्ही ठरवलं ते असं. नऊनंतर कांड्या नाहीत, हे आईनं कबूल केलं आणि आठवड्यातले चार-पाच दिवस पाळलं. मी पहिल्या तासाला त्याला मागच्या बाकावर डोकं टेकू द्यायची, दूध झालं की उठवायचं. गणित तिसऱ्या तासाला नेलं, सगळ्यांसाठीच. आणि त्याच्याकडून एक तास शिकून घेतला : ताणा, बाणा, एका पातळाला किती कांड्या, एका कांडीला किती वेळ. गुणाकाराची इतकी उदाहरणं पुस्तकात नव्हती. तो मुलगा पहिला वगैरे आला नाही. पास झाला आणि सातवीपर्यंत टिकला.

मूल परक्याच्या कामावर राबतंय, मार जिवावरचा आहे किंवा त्याहून वाईट काही संशय आला, तर समजुतीवर थांबू नका. मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि १०९८ ला फोन करा. हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे.

घरी जायचं कसं

पहिली भेट तक्रारीशिवाय. हे पाळलं तर बाकी निम्मं काम होतं. टिळकवाडीकडं घरकामाला जाणाऱ्या आया सकाळी सातच्या आत किंवा रविवारीच सापडतात. बाजारात हमाली करणारे बाप दुपारी तीनच्या सुमाराला मोकळे असतात. मागाच्या घरात वीज गेलेली वेळ उत्तम, पण ती आपल्या हातात नाही. एकट्या जाऊ नका, गल्लीतली स्वयंपाकाची मावशी किंवा एसडीएमसीतली (शाळेची पालक-समिती) एखादी पालक बरोबर घ्या. तिला घरं माहीत असतात आणि कुठल्या घरी काय बोलू नये तेही.

बोलणं साधारण असं होतं :

'या की बाई, बसा. काय केलं ओ पोरानं?'

'काही नाही केलं. चित्र लई बेस काढतो तुमचा, ते सांगायला आले.'

'चित्रं काढून पोट भरतंय काय? वाचाय येतंय काय न्हाई ते सांगा.'

इथं खरं उत्तर द्या. 'शब्द वाचतो, ओळ अजून येत नाही. दिवाळीपर्यंत येईल. मला रोज दहा मिनिटं पाहिजेत त्याची.' चहा देतील, तो घ्या. वही काढून तिथं लिहीत बसू नका, घरी आल्यावर लिहा.

गैरहजेरीचं कारण विचारण्याआधी हजेरीपट आडवा वाचा. एकच मूल दर सोमवारी नाही, दोन भावंडं आळीपाळीनं नाहीत, पौर्णिमेच्या आसपास पाच-सहा घरं एकदम नाहीत. भावंडं आळीपाळीनं गैरहजर म्हणजे घरात तान्हं किंवा आजारी माणूस आहे. पौर्णिमा म्हणजे सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलेत. यात्रेवरून परतल्यावर रागवून काही होत नाही. जाण्याआधी चार पानांचा अभ्यास बरोबर द्या, त्यातली दोन तरी करून आणतात.

कन्नड कागद

परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, तीही सकाळी दहाला व्हॉट्सॲपवर आणि माहिती अकराला पाहिजे अशी. रडत बसण्यापेक्षा लिपी शिका. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, अ आ इ ई, क ख ग घ. वेगळेपणा मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ ह्यांचा. रोज अर्धा तास बसच्या पाट्या आणि दुकानांचे फलक वाचले तर महिन्याभरात अक्षरं लागतात. मग हे शब्द पाठ करा, सरकारी कागद बराचसा ह्यांच्यावरच उभा असतो. सुत्तोले म्हणजे परिपत्रक. तरगती म्हणजे इयत्ता. हाजराती हजेरी, दाखलाती पटनोंदणी, तरबेती प्रशिक्षण, रजे सुट्टी. कोनेय दिनांक दिसलं की शेवटची तारीख, कड्डायवागी दिसलं की सुटका नाही, सल्लिसुवुदु दिसलं की काहीतरी सादर करायचंय.

ओळखीचे दिसणारे शब्द जास्त फसवतात. 'वर्गावणे'चा वर्गाशी संबंध नाही, ती बदली किंवा दाखला. 'शिक्षे' म्हणजे शिक्षण नव्हे, शिक्षाच. एका परिपत्रकात 'अवघड' शब्द पाहून मी खुशाल समजले की शाळेत काही अडचण आल्यास कळवायचंय. कन्नडमध्ये अवघड म्हणजे अपघात. नशिबानं कळवण्यासारखं काही घडलं नव्हतं.

क्लस्टरच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, सभेत मोडकंतोडकं का होईना कन्नड बोला. सीआरपी (गटाचे मार्गदर्शक) हसतील, मग मदत करतील. 'स्वल्प निधानवागी हेळ्री' (जरा सावकाश सांगा) एवढ्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. आणि मराठी शाळेच्या मागण्या, म्हणजे मराठी पुस्तकं कमी आली, मराठीतला प्रश्नसंच नाही, ह्या तोंडी सांगू नका. लेखी द्या, पोच घ्या. कर्नाटकची पाठ्यपुस्तकं मराठी माध्यमातही छापली जातात, ती मागणं हा हट्ट नव्हे.

१ नोव्हेंबर येईल. शाळेत राज्योत्सवाचं (कर्नाटकचा स्थापना दिवस) झेंडावंदन असतं, आणि १९५६ साली ह्याच तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं म्हणून गल्लीतली बरीच मराठी घरं काळा दिवस पाळतात. तुमच्या वर्गात दोन्ही घरची मुलं असतात. नोकरी म्हणून कार्यक्रमाला हजर राहा. वर्गात कुणी विचारलं तर मी मत सांगत नाही, तारखा सांगते : १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमाप्रश्नावरचा १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा ह्या भागावरचा दावा, २०१४ मध्ये शहराचं बदललेलं नाव. सहावी-सातवीची मुलं तारखा ऐकून आणखी प्रश्न विचारतात. विचारू द्या, पण वर्गात घोषणा नकोत, कुठल्याच बाजूच्या. त्या आठवड्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही पुढं पाठवू नका.

भात, सर्वे आणि इतर

दुपारच्या जेवणाला रांगेत उभे राहा, शक्य असेल तर त्याच ताटातलं खा. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, सहावीपासून १५० ग्रॅम असा हिशोब असतो. दुसऱ्यांदा भात मागणारं मूल कोण, सोमवारी जास्त कोण जेवतं, हे वहीत जाऊ द्या. स्वयंपाकाच्या मावशींना हे तुमच्याआधी माहीत असतं.

शिक्षणबाह्य कामं येणार. शिक्षण हक्क कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढ्यांनाच मुभा आहे, प्रत्यक्षात यादी लांब होते. २०२५ च्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणात शिक्षकच घरोघरी गेले आणि त्यापायी दसऱ्याची सुट्टी वाढली. अशी कामं आली की त्याच गल्लीत आपल्या वर्गाची चार घरं करून घ्या.

आकारिक चाचण्या, म्हणजे एफए एक ते चार, आणि दोन सत्र परीक्षा ह्यांच्या उत्तरपत्रिका गुण चढवून झाल्या की गठ्ठ्यात बांधून टाकू नका. कोणी काय चुकलं हे वहीत उतरवा, तेवढ्यानं पुढच्या पंधरवड्याचं टाचण आपोआप होतं. हायस्कूलला असाल तर दहावीत पहिल्या भाषेला १२५ गुण असतात हे आठवीतच मुलांना फळ्यावर मांडून दाखवा. मराठी पहिली भाषा घेतलेल्या मुलाला आपला भरवशाचा पेपर सगळ्यात मोठा आहे हे बहुतेकदा माहीतच नसतं.

निकालानंतर

एप्रिलमध्ये निकाल लागला की जूनमधलीच पट्टी पुन्हा एकदा लावा, तीच अक्षरं, तोच उतारा. दोन्ही तारखा एका पानावर येतात. जी मुलं हलली नाहीत त्यांच्या पानावर, आपण काय काय करून पाहिलं आणि कशाचा उपयोग झाला नाही, ते लिहा. मग पुढचा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाबरोबर बसून वही वाचून दाखवा. घरातली नाजूक माहिती असलेली पानं स्वतःकडं ठेवा, ते तोंडी सांगा.

मी जी वही पुढच्या सरांना दिली, तिच्यात त्या कांड्या भरणाऱ्या मुलाच्या पानावर शेवटी लिहिलं होतं : 'पहिल्या तासाला उठवू नये. दूध झाल्यावर उठतो. मागच्या बाकावर खिडकीकडं बसवावं, तिथं मागाचा आवाज येत नाही.' सरांनी पान वाचलं, खिडकीकडं पाहिलं आणि विचारलं, 'आणि पाऊस आला तर? ती बाजू गळते न्हवं?' ते मी लिहायचं विसरले होते. त्यांनी पेन काढलं आणि खाली जोडलं : 'जून ते सप्टेंबर, दाराजवळ.'